जस्ताचा पत्रा आणि लाल उजेड

आज मननासाठी एकच वस्तू घेऊ: जस्ताचा एक पत्रा. तळहाताएवढा, पॉलिश पेपरने नुकताच घासून लख्ख केलेला. मांडी घालून बसा, खुर्चीवर बसा, भिंतीला टेकून बसा, कसंही चालेल. घाई नको, एवढीच अट. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे तेही तुम्हीच ठरवा. पत्रा मनातच पाहायचा आहे.

हा पत्रा एका विद्युतदर्शीच्या माथ्यावर ठेवलाय. काचेची बरणी, तिच्या बुचातून आत उतरलेली धातूची दांडी आणि दांडीच्या खालच्या टोकाला सोन्याच्या वर्खाच्या दोन पट्ट्या. पत्र्याला आपण ऋण विद्युतभार दिला आहे, म्हणजे त्याच्यावर जादा इलेक्ट्रॉन लादले आहेत. इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात, म्हणून खालच्या पट्ट्या फाकल्या आहेत. (हा प्रयोग खरोखर करायचा तर पावसाळ्यात करू नये. दमट हवेत भार आपोआप निघून जातो आणि उजेडाने काय केलं, हवेने काय केलं, ते कळत नाही. मनात मात्र आपल्याकडे हिवाळ्यातली कोरडी दुपार आहे.)

फाकलेल्या पट्ट्यांकडे थोडा वेळ नुसतं पाहा.

आता पत्र्यावर लाल उजेड पाडा. एक दिवा. पट्ट्या हलल्या नाहीत. दुसरा दिवा लावा, दहावा लावा. खोली लाल होऊन गेली, भिंती लाल, तुमचे हात लाल. पट्ट्या जिथे होत्या तिथेच आहेत. लाल लेझर घ्या, शाळेत फळ्यावर दाखवायला वापरतात तसला. त्यातून निघणारी शक्ती १ मिलिवॉट धरली तरी दर सेकंदाला ३० कोटी कोटींहून जास्त प्रकाशकण त्या एका ठिपक्यावर आदळतायत. मिनिटभर थांबा. पाच मिनिटं थांबा. काहीच होत नाही.

या 'काहीच होत नाही'पाशी आपल्याला बसायचं आहे. मनात काय उमटतं ते पाहा. बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट येते: उजेड अजून कमी पडत असेल. आणखी दिवे, आणखी वेळ, मग होईल. हा विचार वेडगळ नाही. पाणी तापवताना, शेत भिजवताना, कर्ज फेडताना तो अगदी बरोबर ठरतो. थोडं थोडं साठतं आणि शेवटी पुरतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पदार्थवैज्ञानिकांचीही उजेडाबद्दल हीच धारणा होती. प्रकाश म्हणजे लहर. लहर जितकी जोरकस तितकी ऊर्जा जास्त. लहर बराच काळ येत राहिली तर धातूतला इलेक्ट्रॉन ती ऊर्जा पीत राहील आणि पोट भरलं की बाहेर पडेल.

आता लाल दिवे विझवा. पाणी शुद्ध करण्याच्या घरगुती यंत्रात जी अतिनील नळी असते तशी एक छोटी पाऱ्याची नळी पत्र्यासमोर धरा. मनातच धरा, खऱ्या नळीकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचं नसतं. तिचा निळसर उजेड फिका आहे, आणि तिचं खरं काम करणारा भाग तर डोळ्यांना दिसतच नाही. पट्ट्या लगेच मिटू लागल्या. पत्रा आणि नळी यांच्यामध्ये खिडकीची साधी काच सरकवा. मिटणं थांबलं. काच काढा. पुन्हा सुरू. पत्र्याला धन भार देऊन हेच करून पाहा: पट्ट्या फाकलेल्याच राहतात. म्हणजे उजेडाने जे बाहेर काढलं ते ऋण आहे, आणि साध्या काचेतून जो प्रकाश पार जात नाही त्यानेच ते काढलं आहे.

हे असं आहे, इतकंच आधी नीट पाहून घ्यावं. कारण मागून येईल.

हाइनरिख हर्ट्झनेही तसंच केलं. १८८७ साली जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे तो मॅक्सवेलच्या सिद्धांताने सांगितलेल्या विद्युतचुंबकीय लहरी (प्रकाशही त्यांतलाच) शोधत होता. एका ठिकाणी मोठी ठिणगी पाडायची आणि काही अंतरावरच्या तारेच्या कड्यात, टोकांमधल्या बारीक फटीत, लहरींमुळे लहानशी ठिणगी उठते का ते पाहायचं. लहान ठिणगी नीट दिसावी म्हणून त्याने तिच्याभोवती अंधारी पेटी बसवली. तेवढ्याने ठिणगी आखूड झाली. पेटीची जी भिंत मोठ्या ठिणगीचा उजेड अडवत होती तीच कारणीभूत निघाली. मध्ये काच ठेवली तरी ठिणगी आखूड, गारेचं स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ ठेवलं तर पुन्हा लांब. अतिनील प्रकाश काच अडवते, क्वार्ट्झ जाऊ देतो. हर्ट्झने काही महिने हे बारकाईने तपासलं, जे दिसलं ते लिहून प्रसिद्ध केलं, त्यावर कुठलाही सिद्धांत रचला नाही आणि आपल्या लहरींकडे परतला. ज्या मांडणीने प्रकाश ही लहर आहे यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं, त्याच मांडणीत त्या कल्पनेला पडणारी पहिली भेग होती. हे त्याला कधीच कळलं नाही. तो १८९४ च्या १ जानेवारीला गेला, वयाच्या ३६ व्या वर्षी.

आपण मघाशी पाहिलेला जस्ताच्या पत्र्याचा प्रयोग पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, विल्हेल्म हालवाक्सने केला. बाहेर पडतात ते इलेक्ट्रॉन, हे जे. जे. थॉमसनने १८९९ मध्ये दाखवलं.

आता लाल आणि अतिनील यांच्यात फरक कसला आहे त्यावर मन आणू. दोन्ही प्रकाशच. दोन्ही एकाच वेगाने येतात. फरक आहे तो कंपनांच्या वारंवारतेत, म्हणजे सेकंदाला किती आंदोलनं होतात त्यात. हे आकडे प्रचंड आहेत, पण 'कोटी कोटी' हे माप धरलं की हाताशी येतात. लाल प्रकाशाची वारंवारता सेकंदाला सुमारे ४.३ कोटी कोटी. जांभळ्याची ७.५ च्या आसपास. तिथे आपली दृष्टी संपते. पाऱ्याच्या नळीतल्या अतिनील प्रकाशाची ११.८. आणि जस्ताची उंबरठा वारंवारता, जिच्याखाली जस्त एकही इलेक्ट्रॉन सोडत नाही, ती साधारण १०.४.

हे चार आकडे ओळीने मनात म्हणा. ४.३. ७.५. १०.४. ११.८. मघा जे पाहिलं ते सगळं या ओळीत आहे. डोळ्यांना दिसणारा प्रत्येक रंग जस्ताच्या उंबरठ्याच्या खाली आहे.

पण वारंवारतेचा आणि बाहेर पडण्याचा संबंध काय? पायऱ्या नसलेल्या एका विहिरीच्या तळाशी बेडूक आहे असं धरा. विहीर दहा हात खोल. बेडूक चार हात उडी मारतो आणि खाली पडतो. पुन्हा चार हात, पुन्हा खाली. हजार उड्यांची बेरीज चार हजार हात होते आणि बेडूक तळाशीच असतो, कारण उड्या एकमेकींवर रचल्या जात नाहीत. बारा हातांची एकच उडी मात्र त्याला बाहेर काढते, वर दोन हात शिल्लक ठेवून. प्रकाश प्रखर केल्याने उड्यांची संख्या वाढते. उडीची उंची ठरते ती वारंवारतेने.

इथे क्षणभर थांबा आणि बेडकाला विहिरीतच सोडून द्या. त्याचं काम झालं. आता खुद्द इलेक्ट्रॉनकडे पाहू. धातूतले सगळे इलेक्ट्रॉन सारख्याच पातळीवर नसतात. सर्वांत वरच्यांना पृष्ठभाग सोडायला जेवढी ऊर्जा लागते तिला त्या धातूचं कार्यफल म्हणतात. जस्ताचं सुमारे ४.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं माप). प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुंजांनी दिली जाते आणि एका पुंजात किती ऊर्जा हे वारंवारतेला एका ठरावीक संख्येने गुणून मिळतं. लाल पुंजात जेमतेम १.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट, पाऱ्याच्या नळीतल्या पुंजात ४.९. एक पुंज, एक इलेक्ट्रॉन, एक भेट. लाल पुंज मिळालेला इलेक्ट्रॉन जरासा उसळतो आणि दुसरा पुंज येईपर्यंत ती ऊर्जा शेजाऱ्यांत वाटून टाकतो, पत्रा किंचित कोमट होतो. अतिनील पुंज मिळालेला निघून जाऊ शकतो. 'शकतो' म्हटलं, कारण हजारो पुंजांमागे एखाद्यालाच ते साधतं; बाकीचे पुंज परावर्तित होतात किंवा खोलवर जिरतात.

कल्पनेत अतिनील नळी आता लांब न्या. खूप लांब, इतकी की पत्र्यावर नावापुरता उजेड पडावा. लहरीच्या हिशेबाने ही ऊर्जा असंख्य अणूंवर पातळ पसरेल आणि एखाद्या इलेक्ट्रॉनला बाहेर पडण्याइतकी जमवायला मिनिटं, कदाचित तास लागतील. तशी वाट पाहावी लागत नाही. उजेड मंद केल्याने इलेक्ट्रॉन कमी निघतात, उशिरा निघत नाहीत. अर्नेस्ट लॉरेन्स आणि जेसी बीम्स यांनी १९२८ मध्ये हा उशीर मोजायचा प्रयत्न केला, तेव्हा असलाच तर तो ३ अब्जांश सेकंदांपेक्षाही कमी निघाला.

इथवर आलं की मन बोध काढायला धावतं. नुसते कष्ट उपसून काय होतं, दर्जा हवा, वगैरे. अशी वाक्यं व्हॉट्सॲपवर फार छान दिसतात. मला ती इथे नकोत, कारण ती चूकही आहेत. मारिया ग्यॉपर्ट-मायर हिने १९३१ मध्ये दाखवून दिलं की दोन पुंज एकदम शोषले जाणं तत्त्वतः शक्य आहे, फक्त त्याची शक्यता अतिशय कमी. लेझर आल्यावर १९६१ मध्ये ते प्रत्यक्ष पाहायला मिळालं. आणि अतितीव्र लेझर धातूवर सोडला तर उंबरठ्याखालचा प्रकाशही इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, कारण तिथे पुंजांची गर्दी इतकी असते की पहिला जिरायच्या आत दुसरा पोचतो. शिवाय धातू नुसता लालबुंद तापवला तरी इलेक्ट्रॉन उडतात. जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये तेच चालायचं. ती वाट उष्णतेची, वेगळी. निसर्गाचा नियम त्याच्या अटींसकट पाहावा. अटी कापून त्याचं सुभाषित केलं की नियम उरत नाही.

पुन्हा इलेक्ट्रॉनकडे. बाहेर पडल्यावर त्याच्याकडे किती ऊर्जा उरते, हे मोजायचं कसं? समोर एक पट्टी ठेवायची आणि तिला ऋण करत जायचं, इलेक्ट्रॉनना परत लोटत. ज्या व्होल्टला सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनही अडतो तो आकडा म्हणजे त्याची शिल्लक. फिलिप लेनार्डने १९०२ मध्ये हे केलं आणि त्याला दिसलं की दिवा कितीही प्रखर केला तरी ही शिल्लक बदलत नाही. प्रकाशाच्या प्रकारावर मात्र ती अवलंबून असते. लेनार्डचा प्रयोग अव्वल होता, त्याने लावलेला अर्थ तसा नव्हता. पुढे तो नाझी झाला आणि आइन्स्टाइनच्या भौतिकीला 'ज्यू' म्हणून हिणवण्यात त्याने आयुष्य घालवलं. त्याच्यावर यापेक्षा जास्त वेळ घालवायचं कारण नाही.

त्याच्या निरीक्षणांचा अर्थ लावला तो बर्नच्या पेटंट कार्यालयातल्या २६ वर्षांच्या कारकुनाने, १९०५ च्या मार्चमध्ये. शिल्लक ऊर्जा म्हणजे पुंजाची ऊर्जा वजा कार्यफल. बस. आइन्स्टाइनच्या त्या एका वर्षातल्या कामांपैकी याच कामाला त्याने स्वतः क्रांतिकारक म्हटलं होतं, सापेक्षतेला नाही. त्याचं १९२१ चं नोबेलही याच नियमासाठी आहे.

आता या बैठकीतल्या सर्वांत सावकाश भागाकडे येऊ. मनात एक आलेख काढा. आडव्या रेषेवर वारंवारता, उभ्या रेषेवर थोपवायला लागणारे व्होल्ट. सोडियमची रेघ सुमारे ५.६ कोटी कोटींपाशी जमीन सोडते आणि सरळ चढत जाते. त्याच्याही डावीकडे, ५.१ च्या आसपास, सीझियमची. बरीच उजवीकडे १०.४ ला जस्ताची. आणखी पुढे प्लॅटिनमची. प्रत्येक धातूची सुरुवात वेगळी, कारण प्रत्येकाचं कार्यफल वेगळं. आता चढ पाहा. वारंवारता एका कोटी कोटीने वाढली की सोडियमचे व्होल्ट ०.४१ ने वाढतात. सीझियमचे ०.४१ ने. जस्ताचे, प्लॅटिनमचेही तेवढ्यानेच. सगळ्या रेघा समांतर आहेत. (प्रत्यक्ष मोजणीत समोरच्या पट्टीच्या धातूचाही हिशेब धरावा लागतो, त्याने रेघा सरकतात, चढ मात्र तोच राहतो.)

या समांतर रेघांपाशी थांबा. मऊ, सुरीने कापता येणारं सोडियम आणि दागिन्यांतलं प्लॅटिनम यांच्यात साम्य काहीही नाही. तरी चढ एकच. मग हा चढ धातूंचा नव्हे. तो प्रकाशाचा आहे, किंवा प्रकाश आणि द्रव्य यांच्यातल्या देवघेवीचा.

हे मोजलं रॉबर्ट मिलिकनने, शिकागो विद्यापीठात, आणि मोजलं ते आइन्स्टाइनचं समीकरण चूक ठरेल या अपेक्षेने. त्याची अडचण साधी होती: सोडियम, लिथियम हवेत क्षणात काळवंडतात आणि मळक्या पृष्ठभागावर मोजलेलं काहीच खरं नसतं. म्हणून त्याने निर्वात काचपात्राच्या आतच सुरी बसवली, बाहेरून चुंबकाने ती फिरवायची आणि धातूचा ताजा पापुद्रा कापायचा, मग मोजायचं. सुमारे दहा वर्षं या कामात गेली. १९१६ मध्ये त्याने निष्कर्ष दिला: रेघ सरळ आहे, समीकरण तंतोतंत बसतं. आणि त्याच लेखात हेही की प्रकाशपुंजांची कल्पना काही टिकण्यासारखी नाही! स्वतःच्या हातांनी सिद्ध केलेली गोष्ट मानायला नकार देणारा हा माणूस मला या सगळ्या कथेत सर्वांत जवळचा वाटतो. आकडा त्याने खरा दिला, मत स्वतःचंच ठेवलं, आणि दोन्ही एकाच कागदावर उघड मांडली.

वारंवारतेला ज्या ठरावीक संख्येने गुणून पुंजाची ऊर्जा मिळते, ती त्याच्या चढातून निघाली ६.५७ (दहाचे घात बाजूला ठेवून). सोळा वर्षं आधी, १९०० च्या अखेरीस, माक्स प्लांक तापलेल्या भट्टीतून कोणकोणते रंग किती निघतात या प्रश्नाशी झगडत होता. त्याच्या कामात ना धातूचा पत्रा होता, ना बाहेर उडणारे इलेक्ट्रॉन. त्यालाही एक स्थिरांक घ्यावा लागला होता, आणि त्याच एककांत त्याची किंमत होती ६.५५. आज आपण ६.६२६ मानतो. एक आकडा भट्टीच्या झळाळीतून आला, दुसरा कापलेल्या सोडियमच्या पृष्ठभागावरून. दोन वाटा एकमेकींना कुठेही न भेटता एकाच ठिकाणी पोचल्या. बारावीच्या पुस्तकात हा स्थिरांक कोष्टकात एका ओळीत उरकलेला असतो. त्या ओळीवरून नजर पुढे सरकवायची घाई आज नाही. हवा तितका वेळ घ्या.

जरा पाय मोकळे करू आणि हा उंबरठा बाहेरच्या जगात कुठे भेटतो ते पाहू. बोलपटांच्या काळात थिएटरच्या प्रोजेक्टरमध्ये फिल्मच्या कडेला आवाजाची नागमोडी पट्टी असायची. एका छोट्या दिव्याचा उजेड तिच्यातून जाऊन प्रकाशनळीवर पडे आणि त्या नळीतल्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह लाउडस्पीकरपर्यंत जाऊन नायिकेचा आवाज होई. दिवा तापत्या तारेचा, त्याचा बहुतेक प्रकाश लाल आणि अवरक्त. म्हणून नळीच्या आत चांदी, ऑक्सिजन आणि सीझियम यांचा असा थर लागे, ज्याचा उंबरठा लालच्याही खाली जातो. वारंवारतेचा हिशेब चुकला असता तर पडद्यावर ओठ हलले असते आणि सभागृहात शांतता असती. चंद्रावर तर हा प्रयोग रोज चालतो. तिथे सूर्याचा अतिनील प्रकाश अडवायला हवा नाही, म्हणून उजेडाच्या बाजूची धूळ इलेक्ट्रॉन गमावून धन भारित होते.

परत आत या. एक गाठ अजून सुटायची आहे, आणि ती सोडवल्याशिवाय उठणं बरं नव्हे. आपण 'पुंज' म्हणत आलो. पण पुंज प्रकाशातच असतात की द्रव्य त्याची ऊर्जा पुंजांनी घेतं? १९६९ मध्ये विलिस लॅम्ब आणि मार्लन स्कली यांनी गणित मांडून दाखवलं की प्रकाश जुनीच अखंड लहर मानली आणि फक्त अणूंना पुंजवादाचे नियम लावले, तरी उंबरठा निघतो, सरळ रेघ निघते, चढही तोच निघतो. म्हणजे मिटणाऱ्या पट्ट्या आणि मिलिकनच्या रेघा एवढ्यावरून प्रकाशकण आहेत असं म्हणता येत नाही. मिलिकनची शंका अगदीच वायफळ नव्हती.

निवाडा दुसरीकडून आला. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात किंबल, डागेने आणि मँडेल यांनी सोडियमच्या अगदी विरळ अणूंमधून निघणारा प्रकाश घेतला. एका अणूने एक पुंज सोडला की दुसरा सोडण्याआधी त्याला पुन्हा ऊर्जा घ्यावी लागते. त्यांनी हा प्रकाश अर्धपारदर्शक आरशाने दोन वाटांवर पाठवला आणि प्रत्येक वाटेच्या शेवटी एक प्रकाशगुणक नळी ठेवली, जिच्या तोंडाशी उजेडाने सुटलेला एकेक इलेक्ट्रॉन मोजता येतो. लहर असती तर ती आरशावर विभागून दोन्हीकडे एकाच क्षणी पोचली असती. दोन्ही नळ्या एकदम वाजण्याचं प्रमाण मात्र लहरींच्या कुठल्याही हिशेबात बसणार नाही इतकं कमी निघालं.